बिली हॉलिडे

बिली हॉलिडे (जन्मनाव: एलिअनोरा फेगन, जन्म: ७ एप्रिल १९१५, फिलाडेल्फिया, मृत्यू: १७ जुलै १९५९, न्यू यॉर्क) या अमेरिकन जॅझ गायिका होत्या. ‘लेडी डे’ या टोपणनावानेही त्या ओळखल्या जातात. जॅझ गायनाला वळण देणाऱ्या विसाव्या शतकातील प्रमुख कलावंतांत त्यांची गणना होते. त्यांच्या आवाजाचा पल्ला मर्यादित होता. तरीही शब्दांची नेमकी फेक, ठेक्याच्या किंचित मागे राहून गाण्याची रीत आणि मूळ चाल स्वतःच्या अंगाने नव्याने मांडण्याची हातोटी यांमुळे त्यांनी साध्या लोकप्रिय प्रेमगीतांनाही वेगळी खोली दिली.

हॉलिडे यांची ध्वनिमुद्रणाची कारकीर्द १९३३ ते १९५९ अशी २६ वर्षांची होती. या काळातील त्यांची अनेक श्रेष्ठ ध्वनिमुद्रणे सहा-सात वादकांच्या छोट्या वाद्यमेळासोबतची आहेत. अशा गायनाचे मूळ स्थान म्हणजे रात्री चालणारे छोटे क्लब. मात्र १९४७ मध्ये झालेल्या शिक्षेनंतर न्यू यॉर्क शहरातील क्लबांत गाण्याचा त्यांचा परवाना काढून घेण्यात आला व तो पुन्हा मिळविण्याचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. क्लबात नाकारले गेलेले हे गायन १९५० च्या दशकात ध्वनिमुद्रण कक्षात चालू राहिले. १९५८ साली प्रकाशित झालेला ‘साँग्ज फॉर डिस्टँगे लव्हर्स’ हा प्रेमगीतांचा अल्बम त्या कामाचा महत्त्वाचा नमुना मानला जातो.

जन्म आणि बालपण

एलिअनोरा यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया येथे झाला. त्यांच्या आत्मचरित्रात जन्मस्थळ म्हणून बॉल्टिमोरचा उल्लेख आहे. परंतु पुढील काळातील चरित्रकारांनी उपलब्ध नोंदींच्या आधारे फिलाडेल्फिया हे ठिकाण निश्चित केले. त्यांच्या आईचे नाव सेडी फेगन. वडील क्लॅरेन्स हॉलिडे हे गिटारवादक होते. त्यांनी पुढे फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात काम केले. आईवडिलांचा एकत्र संसार झाला नाही आणि वडिलांचा सहवास एलिअनोरा यांना फारसा लाभला नाही. आईला उदरनिर्वाहासाठी वारंवार घराबाहेर राहावे लागे. त्यामुळे त्यांचे बालपण मेरीलँड राज्यातील बॉल्टिमोर शहरात बहुतांशी नातेवाइकांकडे गेले.

शाळेत सतत गैरहजर राहिल्यामुळे जानेवारी १९२५ मध्ये, वयाच्या ९ व्या वर्षी, त्यांना बालन्यायालयासमोर उभे करण्यात आले. न्यायालयाने त्यांना कॅथलिक जोगिणींकडून चालविल्या जाणाऱ्या ‘हाउस ऑफ द गुड शेपर्ड’ या मुलींच्या सुधारगृहात पाठविले. तेथे त्या सुमारे नऊ महिने होत्या. डिसेंबर १९२६ मध्ये शेजारच्या एका इसमाने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. या खटल्यातील साक्षीदार म्हणून त्यांना पुन्हा त्याच सुधारगृहात ठेवण्यात आले व फेब्रुवारी १९२७ मध्ये सोडण्यात आले. वयाच्या अकराव्या वर्षीच त्यांचे शालेय शिक्षण थांबले होते.

बॉल्टिमोरमध्ये त्या घरांच्या पायऱ्या व फरश्या घासणे, निरोप पोहोचविणे अशी कामे करीत. अशाच कामांच्या निमित्ताने एका कुंटणखान्यातील फोनोग्राफवर त्यांनी लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथ यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. बेसी स्मिथ यांच्या आवाजातील भारदस्तपणा आणि आर्मस्ट्राँग यांची स्वरवाक्ये लांबविण्या-आखडण्याची पद्धत या दोन्हींचा ठसा त्यांच्या गायनावर कायमचा राहिला. त्यांनी संगीताचे पद्धतशीर शिक्षण कधीही घेतले नाही आणि त्यांना स्वरलिपीही वाचता येत नसे.

हार्लेममधील सुरुवात

१९२० च्या दशकाच्या अखेरीस मायलेकी न्यू यॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहावयास आल्या. १९२९ मध्ये त्या राहत असलेल्या कुंटणखान्यावर पोलिसांनी धाड घातली. त्यात दोघींनाही अटक झाली आणि एलिअनोरा यांना काही महिने श्रमकारागृहात काढावे लागले. तेथून सुटल्यानंतर त्यांनी हार्लेममधील लहानसहान क्लबांत गाण्यास सुरुवात केली. चित्रपट अभिनेत्री बिली डव्ह यांच्या नावातील ‘बिली’ आणि वडिलांचे आडनाव एकत्र करून त्यांनी ‘बिली हॉलिडे’ हे नाव धारण केले.

त्या काळी हार्लेममधील क्लबांत गायिका टेबलांमधून फिरत गात असत आणि श्रोत्यांनी दिलेले पैसे हेच त्यांचे मुख्य उत्पन्न असे. ध्वनिवर्धक असलाच तर साधा असे. श्रोता हाताच्या अंतरावर असल्याने मोठ्या आवाजापेक्षा शब्द पोहोचणे महत्त्वाचे ठरे. हॉलिडे यांची शैली या वातावरणात घडली.

१९३२ च्या अखेरीस वेस्ट १३२ व्या रस्त्यावरील कोव्हन्स या क्लबात त्यांना मोनेट मूर यांच्या जागी गाण्याची संधी मिळाली. मूर यांचे गाणे ऐकण्यासाठी आलेले संगीतनिर्माते जॉन हॅमंड यांनी १९३३ च्या सुरुवातीस तेथे हॉलिडे यांना प्रथम ऐकले. हॅमंड यांच्या प्रयत्नांमुळे नोव्हेंबर १९३३ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, त्यांनी क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या वाद्यमेळासोबत ‘युअर मदर्स सन-इन-लॉ’ आणि ‘रिफिन द स्कॉच’ ही गाणी ध्वनिमुद्रित केली. १९३५ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांच्या ‘सिंफनी इन ब्लॅक’ या लघुपटातही त्यांनी गायन केले.

टेडी विल्सन आणि लेस्टर यंग यांच्यासोबत

१९३५ पासून हॉलिडे यांनी पियानोवादक टेडी विल्सन यांच्या नेतृत्वाखाली ब्रन्सविक कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे सुरू केली. ही ध्वनिमुद्रिका प्रामुख्याने ज्यूकबॉक्सच्या, म्हणजे नाणे टाकल्यावर गाणे वाजविणाऱ्या यंत्राच्या, बाजारपेठेसाठी असत. चांगली ठरणारी नवी गाणी सहसा प्रसिद्ध श्वेतवर्णीय गायकांकडे जात व उरलेली गाणी या मंडळींच्या वाट्याला येत. लिहून तयार केलेली वाद्यरचना फारशी नसे. वादक कक्षात जमत, चाल ऐकून घेत आणि थोड्याशा तयारीनंतर ध्वनिमुद्रण होई. हॉलिडे यांना ठरावीक मोबदला मिळे. विक्रीवर आधारित मानधन मिळत नसे.

२ जुलै १९३५ रोजी झालेल्या पहिल्या सत्रात ‘व्हॉट अ लिट्ल मूनलाइट कॅन डू’ आणि ‘मिस ब्राउन टू यू’ ही गाणी ध्वनिमुद्रित झाली. या सत्रात ट्रम्पेटवर रॉय एल्ड्रिज, क्लॅरिनेटवर बेनी गुडमन आणि टेनर सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर हे वादक होते. या ध्वनिमुद्रिका यशस्वी ठरल्या. जुलै १९३६ पासून व्होकॅलियन कंपनीने हॉलिडे यांच्या स्वतःच्या नावानेही ध्वनिमुद्रिका प्रकाशित करण्यास सुरुवात केली. त्यांतील जॉर्ज गर्शविन यांच्या ‘समरटाइम’ या गाण्याला चांगला प्रतिसाद मिळाला.

जानेवारी १९३७ मध्ये टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग हे त्यांच्यासोबत प्रथमच ध्वनिमुद्रणात सहभागी झाले. यंग यांचे वादन मृदू आणि हलक्या स्वरांचे होते. हॉलिडे यांच्या ओळीमागे ते समांतर सुरावट वाजवीत व गायिकेच्या शब्दांतील रिकाम्या जागा भरीत. परिणामी गायन आणि साथ असा भेद न राहता दोघांमधील संवादाचे रूप गाण्याला येई. यंग यांनीच त्यांना ‘लेडी डे’ हे नाव दिले. हॉलिडे त्यांना ‘प्रेझ’, म्हणजे प्रेसिडेंट, म्हणत. पुढील काही वर्षांत दोघांनी एकत्र केलेली ध्वनिमुद्रणे जॅझच्या इतिहासात अत्यंत महत्त्वाची मानली जातात.

याच काळात, मार्च १९३७ मध्ये, वडील क्लॅरेन्स हॉलिडे यांचे टेक्सास राज्यात न्यूमोनियाने निधन झाले. वाद्यवृंदासोबत दौऱ्यावर असताना ते आजारी पडले होते आणि वर्णभेदामुळे त्यांना वेळेवर उपचार मिळू शकले नाहीत.

मोठ्या वाद्यवृंदांतील काळ

मार्च १९३७ मध्ये हॉलिडे काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात गायिका म्हणून दाखल झाल्या. दोघांचे करार वेगवेगळ्या कंपन्यांशी असल्यामुळे या वाद्यवृंदासोबत त्यांना ध्वनिमुद्रण कक्षात गाता आले नाही. रेडिओवरील प्रक्षेपणाचे मोजकेच नमुने शिल्लक आहेत. १९३८ च्या सुरुवातीस त्यांनी हा वाद्यवृंद सोडला.

त्यानंतर लगेच त्या आर्टी शॉ यांच्या श्वेतवर्णीय वाद्यवृंदात रुजू झाल्या. श्वेतवर्णीय वाद्यवृंदासोबत पूर्णवेळ काम करणाऱ्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय गायिकांपैकी त्या एक होत. वर्णविभाजन कायदेशीर असलेल्या दक्षिणेकडील राज्यांत दौरे करताना निवास, भोजन आणि स्वच्छतागृह यांसारख्या साध्या गोष्टींसाठीही त्यांना अवमान सोसावा लागे. न्यू यॉर्कमधील लिंकन हॉटेलात वाद्यवृंदाचे कार्यक्रम होत असताना त्यांना पाहुण्यांच्या लिफ्टऐवजी सामानाची लिफ्ट वापरण्यास सांगण्यात आले. १९३८ च्या अखेरीस त्यांनी शॉ यांच्या वाद्यवृंदातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर त्यांनी कोणत्याही मोठ्या वाद्यवृंदात नियमित गायिका म्हणून काम केले नाही.

कॅफे सोसायटी आणि ‘स्ट्रेंज फ्रूट’

डिसेंबर १९३८ मध्ये बार्नी जोसेफसन यांनी न्यू यॉर्कमधील ग्रीनिच व्हिलेज भागात कॅफे सोसायटी हा क्लब सुरू केला. कलावंत आणि प्रेक्षक या दोन्ही बाजूंनी वर्णभेद न पाळणाऱ्या शहरातील पहिल्या क्लबांपैकी तो एक होता. हॉलिडे तेथील प्रमुख गायिका झाल्या. १९३९ मध्ये ब्राँक्समधील शिक्षक एबल मिरोपोल यांनी स्वतः लिहून स्वरबद्ध केलेले ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत त्यांच्याकडे आले. दक्षिणेत जमावाकडून कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून ठार मारण्याच्या घटनांवर हे गीत आधारलेले आहे.

क्लबात हे गीत कार्यक्रमाच्या शेवटी गायले जाई. त्या वेळी खाद्यपेये देणे थांबविले जाई, सर्व दिवे मालविले जात आणि फक्त गायिकेच्या चेहऱ्यावर प्रकाशझोत असे. गीत संपताच संपूर्ण अंधार केला जाई. पुन्हा दिवे लागत तेव्हा मंचावर कोणीही नसे. हॉलिडे यांची नियमित कंपनी कोलंबिया हिने हे गीत ध्वनिमुद्रित करण्यास नकार दिला. त्यामुळे मिल्ट गॅब्लर यांच्या कमोडोर या छोट्या कंपनीसाठी २० एप्रिल १९३९ रोजी ते ध्वनिमुद्रित करण्यात आले. अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजविणे टाळले. तरीही ध्वनिमुद्रिकेची मोठ्या प्रमाणावर विक्री झाली. १९९९ मध्ये टाइम या साप्ताहिकाने या गीताची शतकातील सर्वोत्तम गीत म्हणून निवड केली.

१९४१ मध्ये हॉलिडे यांनी आर्थर हर्झॉग यांच्यासह रचलेले ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ हे गीत ध्वनिमुद्रित झाले. त्याच वर्षी त्यांचा जिमी मनरो यांच्याशी विवाह झाला. तो १९४७ मध्ये संपुष्टात आला. १९४४ पासून त्यांनी डेका कंपनीसाठी ध्वनिमुद्रणे केली. तेथील ‘लव्हर मॅन’ या गाण्यासाठी त्यांच्या इच्छेनुसार व्हायोलिनवर्गीय तंतुवाद्यांची साथ वापरण्यात आली व ते अतिशय लोकप्रिय झाले. ऑक्टोबर १९४५ मध्ये आईचे निधन झाले. १९४७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘न्यू ऑर्लिन्स’ या चित्रपटात लुई आर्मस्ट्राँग यांच्यासह त्यांनी काम केले. मात्र त्यांच्या वाट्याला मोलकरणीची भूमिका आली.

अटक, कारावास आणि कॅबरे कार्ड

१९४० च्या दशकात हॉलिडे हेरॉइनच्या आहारी गेल्या. हॅरी अॅन्सलिंगर हे प्रमुख असलेल्या केंद्रीय अमली पदार्थ विभागाने त्यांच्यावर पाळत ठेवली. मे १९४७ मध्ये त्यांना न्यू यॉर्कमधील निवासस्थानी अटक झाली. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि उपचारासाठी रुग्णालयात पाठविले जावे अशी अपेक्षा बाळगली. न्यायालयाने मात्र त्यांना एक वर्ष एक दिवसाची शिक्षा देऊन वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ऑल्डरसन येथील महिला कारागृहात पाठविले. चांगल्या वर्तणुकीमुळे १६ मार्च १९४८ रोजी त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली. सुटकेनंतर ११ दिवसांनी, २७ मार्च १९४८ रोजी, न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. त्याची सर्व तिकिटे विकली गेली होती.

या शिक्षेचा दूरगामी परिणाम कारावासापेक्षा वेगळ्याच गोष्टीत होता. न्यू यॉर्क शहरात जेथे मद्य दिले जाते अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येक कलावंताला पोलीस खात्याकडून ‘कॅबरे कार्ड’ हा परवाना घ्यावा लागे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीला हा परवाना नाकारला जाई. त्यामुळे सुमारे तीन हजार आसनांच्या कार्नेगी हॉलमध्ये त्या गाऊ शकत होत्या. अपोलोसारख्या नाट्यगृहातही गाऊ शकत होत्या. परंतु ज्या छोट्या क्लबांत त्यांची कला घडली तेथे त्यांना अधिकृतपणे गाता येत नव्हते. अमेरिकेतील जॅझ क्लबांचे प्रमुख केंद्र न्यू यॉर्क हेच असल्याने त्यांच्या नियमित उत्पन्नाचा मोठा आधार नाहीसा झाला. शिकागो, बोस्टन, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस अशा शहरांत सतत प्रवास करीत त्यांना कार्यक्रम करावे लागले. पियानोवादक थेलोनिअस मंक आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांनाही या नियमाचा फटका बसला. ही परवाना पद्धत १९६७ मध्ये रद्द झाली.

जानेवारी १९४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील हॉटेलात त्यांना पुन्हा अटक करण्यात आली. मात्र त्या खटल्यात त्यांची निर्दोष मुक्तता झाली.

नॉर्मन ग्रँझ यांच्यासोबतची ध्वनिमुद्रणे

१९५२ मध्ये हॉलिडे यांनी निर्माते नॉर्मन ग्रँझ यांच्याशी करार केला. ‘जॅझ अॅट द फिलहार्मोनिक’ या कार्यक्रममालेचे आयोजक म्हणून ग्रँझ प्रसिद्ध होते. प्रेक्षकांना वर्णानुसार वेगळे बसविले जाणार असेल तर कार्यक्रम न करण्याची त्यांची भूमिका होती. डेकाच्या काळातील तंतुवाद्ये व समूहगायन बाजूला ठेवून त्यांनी हॉलिडे यांना पुन्हा छोट्या वाद्यमेळासोबत गावयास लावले. पहिल्या सत्रांत ऑस्कर पीटरसन, रे ब्राउन, बार्नी केसेल आणि चार्ली शेव्हर्स यांसारखे नामवंत वादक होते. ही ध्वनिमुद्रणे सुरुवातीस क्लेफ आणि १९५६ नंतर व्हर्व्ह या नावाखाली प्रकाशित झाली.

या काळात दीर्घ वादनाच्या ध्वनिमुद्रिका, म्हणजे एलपी, प्रचलित झाल्या होत्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. एलपीमुळे गाणे संथ लयीत मांडण्यास आणि प्रत्येक वादकाला स्वतंत्र वादनासाठी वाव देण्यास जागा मिळाली. हॉलिडे यांचा आवाज एव्हाना खरखरीत झाला होता आणि वरच्या स्वरांवरील पकड सैल झाली होती. अशा वेळी मोकळी व संयत साथ त्यांना उपकारक ठरली.

साँग्ज फॉर डिस्टँगे लव्हर्स

जानेवारी १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथे ग्रँझ यांनी अनेक दिवसांची ध्वनिमुद्रण सत्रे घेतली. त्यांतून निवडलेली सहा गाणी ‘साँग्ज फॉर डिस्टँगे लव्हर्स’ या नावाने १९५८ मध्ये प्रकाशित झाली. शीर्षकातील ‘डिस्टँगे’ हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ खानदानी किंवा रुबाबदार असा होतो.

अल्बममधील सर्व गाणी ‘स्टँडर्ड’ या प्रकारात मोडतात. नाटक, चित्रपट किंवा लोकप्रिय संगीतासाठी रचली गेलेली आणि पुढे अनेक गायक-वादकांनी आपापल्या पद्धतीने सादर केल्यामुळे जॅझच्या कायमच्या संग्रहात जमा झालेली गाणी स्टँडर्ड म्हणून ओळखली जातात. अल्बममधील गाणी पुढीलप्रमाणे आहेत:

१. ‘डे इन, डे आउट’: रूब ब्लूम आणि जॉनी मर्सर यांची १९३९ मधील रचना.
२. ‘अ फॉगी डे’: जॉर्ज आणि आयरा गर्शविन यांनी ‘अ डॅम्झेल इन डिस्ट्रेस’ (१९३७) या चित्रपटासाठी रचलेले गीत.
३. ‘स्टार्स फेल ऑन अलाबामा’: फ्रँक पर्किन्स आणि मिचेल पॅरिश यांची १९३४ मधील रचना.
४. ‘वन फॉर माय बेबी’: हॅरल्ड आर्लेन आणि जॉनी मर्सर यांनी ‘द स्कायज द लिमिट’ (१९४३) या चित्रपटासाठी रचलेले गीत.
५. ‘जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज’: कोल पोर्टर यांचे ‘ज्युबिली’ (१९३५) या संगीत नाटकातील गीत.
६. ‘आय डिडन्ट नो व्हॉट टाइम इट वॉज’: रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेंझ हार्ट यांचे ‘टू मेनी गर्ल्स’ (१९३९) या संगीत नाटकातील गीत.

साथीला ट्रम्पेटवर हॅरी ‘स्वीट्स’ एडिसन, टेनर सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर, पियानोवर जिमी रोल्स आणि गिटारवर बार्नी केसेल होते. बासवर रेड मिचेल किंवा जो माँड्रागॉन आणि ड्रम्सवर अल्विन स्टोलर किंवा लॅरी बंकर यांनी साथ केली. वेबस्टर हे १९३५ मधील टेडी विल्सन यांच्यासोबतच्या पहिल्या सत्रातही होते. त्यामुळे २१ वर्षांपूर्वीच्या त्या वाद्यमेळाशी हा अल्बम प्रत्यक्ष जोडला जातो.

गाण्यांची मांडणी साधी आहे. गायिका मूळ गीत मांडते, त्यानंतर वादक आळीपाळीने स्वतंत्र वादन करतात आणि शेवटी गायिका पुन्हा गीताकडे येते. एडिसन यांचे मोजक्या स्वरांचे, बऱ्याचदा म्यूट लावलेले ट्रम्पेट आणि वेबस्टर यांचा श्वासयुक्त, गडद सॅक्सोफोन हे दोन्ही आवाज गायनाला पुढे राहू देतात. ‘जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज’सारख्या गाण्यात लय चपळ आहे, ‘वन फॉर माय बेबी’मध्ये ती संथ आहे. दुसऱ्या गाण्यात मद्यगृहात रात्री उशिरापर्यंत बसलेली व्यक्ती मद्य देणाऱ्याशी बोलत असल्याची कल्पना आहे. हॉलिडे ते जवळजवळ बोलण्याच्या सुरात गातात. प्रेमगीते असूनही त्यांत भाबडेपणा राहत नाही. प्रेम आणि त्याचा शेवट दोन्ही अनुभवलेल्या व्यक्तीचे कथन असे त्यांचे रूप होते. ज्या मद्यगृहांचे वातावरण या गाण्यांत आहे, त्यांचे न्यू यॉर्कमधील दरवाजे त्या वेळी गायिकेला बंद होते.

याच सत्रांतील अन्य गाणी ‘बॉडी अँड सोल’ (१९५७) आणि ‘ऑल ऑर नथिंग अॅट ऑल’ या अल्बममध्ये समाविष्ट झाली. ‘साँग्ज फॉर डिस्टँगे लव्हर्स’च्या नंतरच्या सीडी आवृत्तीत त्या सत्रांतील आणखी गाणी जोडण्यात आली आहेत. छोट्या जॅझ वाद्यमेळासोबत ग्रँझ यांच्यासाठी हॉलिडे यांनी ध्वनिमुद्रण कक्षात केलेली ही अखेरची सत्रे ठरली.

अखेरची वर्षे

१९५४ मध्ये हॉलिडे यांनी समीक्षक लेनर्ड फेदर यांनी आयोजित केलेल्या दौऱ्यात युरोपमध्ये प्रथमच गायन केले. १९५६ मध्ये पत्रकार विल्यम डफ्टी यांच्या सहलेखनातून साकारलेले ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले. त्यातील काही तपशील पुढे चुकीचे असल्याचे आढळले. तरी कृष्णवर्णीय स्त्रीच्या दृष्टीने सांगितलेली त्या काळातील व्यावसायिक संगीताची हकिकत म्हणून ते महत्त्वाचे आहे. मार्च १९५७ मध्ये त्यांनी लुई मकाय यांच्याशी विवाह केला.

८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएस वाहिनीवरील ‘द साउंड ऑफ जॅझ’ या कार्यक्रमात त्यांनी ‘फाइन अँड मेलो’ हे स्वतःचे गीत सादर केले. लेस्टर यंग, बेन वेबस्टर, कोलमन हॉकिन्स, जेरी मलिगन आणि रॉय एल्ड्रिज हे वादक त्यांच्याभोवती होते. प्रकृती खालावलेल्या यंग यांनी वाजविलेला छोटासा भाग आणि तो ऐकताना हॉलिडे यांचा चेहरा यामुळे हे चित्रीकरण जॅझच्या इतिहासातील संस्मरणीय दृश्यांपैकी एक मानले जाते.

फेब्रुवारी १९५८ मध्ये रे एलिस यांच्या मोठ्या, तंतुवाद्यप्रधान वाद्यवृंदासोबत त्यांनी ‘लेडी इन सॅटिन’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यातील जीर्ण झालेल्या आवाजाविषयी श्रोत्यांत आजही मतभेद आहेत. मार्च १९५९ मध्ये, म्हणजे लेस्टर यंग यांचे निधन झाले त्याच महिन्यात, त्यांनी अखेरची ध्वनिमुद्रणे केली. २५ मे १९५९ रोजी न्यू यॉर्कमधील फिनिक्स थिएटर येथे त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला.

३१ मे १९५९ रोजी यकृत व हृदयाच्या विकारामुळे त्यांना न्यू यॉर्कमधील मेट्रोपॉलिटन रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून रुग्णशय्येवरच त्यांना अटक झाली आणि खोलीबाहेर पोलीस पहारा बसविण्यात आला. १७ जुलै १९५९ रोजी वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या बँक खात्यात केवळ ७० सेंट शिल्लक होते. त्यांचा अंत्यविधी सेंट पॉल द अपॉसल या चर्चमध्ये झाला व ब्राँक्समधील सेंट रेमंड्स दफनभूमीत त्यांना दफन करण्यात आले.

गायनशैली

हॉलिडे यांच्या आवाजाचा पल्ला एका सप्तकाहून थोडाच अधिक होता. त्यामुळे मोठी झेप असलेली चाल त्या बहुधा जवळजवळच्या स्वरांत बसवून घेत आणि काही स्वर गाळून सुरावट अधिक सपाट करीत. ओळ ठेक्याच्या मागे ठेवून शेवटच्या शब्दाला ती पुन्हा ठेक्याशी जुळविणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. एला फिट्झजेराल्ड यांच्याप्रमाणे निरर्थक अक्षरांचा वापर करून त्या गात नसत. शब्दांचा अर्थ हाच त्यांच्या गायनाचा केंद्रबिंदू होता. वाद्यांप्रमाणे विचार करून गाणे आणि तरीही शब्द बोलल्यासारखा ठेवणे या दोन गोष्टींचा मेळ त्यांनी घातला. तरुण वयातील आवाज उजळ व लवचिक होता. उत्तरकाळातील आवाज क्षीण आणि भेगाळलेला होता. लयीवरील ताबा मात्र अखेरपर्यंत टिकून राहिला.

वारसा

फ्रँक सिनात्रा यांनी आपल्या गायनावरील सर्वांत मोठा प्रभाव म्हणून हॉलिडे यांचा उल्लेख केला होता. कवी फ्रँक ओहारा यांनी त्यांच्या मृत्यूवर ‘द डे लेडी डाइड’ ही कविता लिहिली. १९७२ मध्ये त्यांच्या आत्मचरित्रावर आधारित चित्रपटात डायना रॉस यांनी त्यांची भूमिका केली. अमली पदार्थ विभागाने केलेल्या छळावर आधारित ‘द युनायटेड स्टेट्स व्हर्सेस बिली हॉलिडे’ हा चित्रपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला. १९८५ मध्ये बॉल्टिमोर शहरात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. १९८७ मध्ये त्यांना मरणोत्तर ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला आणि २००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

निवडक अल्बम

बिली हॉलिडे सिंग्ज (१९५२)
म्युझिक फॉर टॉर्चिंग (१९५५)
व्हेल्व्हेट मूड (१९५६)
लेडी सिंग्ज द ब्लूज (१९५६)
बॉडी अँड सोल (१९५७)
साँग्ज फॉर डिस्टँगे लव्हर्स (१९५८)
लेडी इन सॅटिन (१९५८)